शाळेतली सिस्टर, मुलाचा आजार आणि पालकांचा अधिकार : शाळेचे वर्ष सुरू होण्याआधी करायची कामे

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत आई-वडील दोघेही नोकरीसाठी रोज मुंबईला जातात. दमा, मधुमेह, फिट किंवा एखाद्या पदार्थाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला शाळेत अचानक त्रास झाला, तर फोर्टमधल्या ऑफिसातून घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा नेरुळच्या शाळेत पोचायला दीड तास सहज जातो, आणि लोकलच्या गर्दीत फोन ऐकू येईल याचीही खात्री नसते. तेवढ्या वेळात मुलाला काय द्यायचे, कुठे न्यायचे, कोणी न्यायचे हे शाळेतली सिस्टर, वर्गशिक्षिका किंवा ऑफिसातले कोणीतरी ठरवते. शाळेच्या मेडिकल रूममध्ये काम करताना माझे एक मत पक्के झाले : मुलाच्या आरोग्याबाबतचा पालकांचा अधिकार शाळेच्या फाटकाशी संपत नाही, पण तो आधीच कागदावर उतरलेला नसेल तर ऐन वेळी कोणाच्याही कामी येत नाही. तो कागदावर कसा उतरवायचा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी अधिकाराची हद्द समजून घ्यावी

आपल्याकडे १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती कायद्याने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, समजली जाते आणि उपचाराला संमती देण्याचे काम पालकांकडे असते. शाळांच्या अर्जावर अजूनही ‘वडिलांची सही’ एवढीच ओळ दिसते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे आणि त्यात वडिलांचे नाव आधी येते हे खरे; पण १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते, हे स्पष्ट केले. तेव्हा रोज औषधपाणी बघणारी आई सही करत असेल आणि शाळा ती नाकारत असेल, तर कारण जरूर विचारावे.

जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र संमतीची वाट पाहायची नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० प्रमाणे, संमती मिळवायला वेळच नसेल अशा परिस्थितीत कोणी सद्भावनेने, त्या व्यक्तीच्या भल्यासाठी काही केले, तर ते केवळ संमती नव्हती म्हणून गुन्हा ठरत नाही. कायद्याने यासाठी दिलेल्या उदाहरणांपैकी एक अपघात झालेल्या मुलाचेच आहे : ताबडतोब शस्त्रक्रिया केली नाही तर मूल दगावेल, पालकांना विचारायला वेळ नाही, आणि शल्यचिकित्सक शस्त्रक्रिया करतो. आणीबाणीच्या रुग्णावर उपचार करणे सरकारी तसेच खासगी डॉक्टरांचे कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितले आहे. ‘आई-बाबा आल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही’ असे कोणी म्हणू लागले, तर सिस्टरला ही गोष्ट माहीत असलेली बरी. ती आपणच तिला सांगून ठेवावी, म्हणजे तिच्या मनातली भीती कमी होते.

मेडिकल रूममध्ये कोण आहे, हे स्वतः पाहून यावे

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवे याची यादी आहे. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण हे सारे त्यात आहे, परिचारिका नाही. त्यामुळे एखाद्या मोठ्या खासगी शाळेत पूर्णवेळ सिस्टर असते, तर दुसरीकडे प्रथमोपचाराची पेटी सांभाळणाऱ्या एखाद्या बाईंनाच मुले सिस्टर म्हणतात. प्रवेशाच्या वेळी चार प्रश्न संकोच न करता विचारावेत. त्यांचे शिक्षण एएनएम, जीएनएम की बी.एस्सी. नर्सिंग? महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी आहे का? त्या शाळेच्या पूर्ण वेळेत असतात की फक्त सकाळच्या सत्रात? त्या रजेवर असतील त्या दिवशी कपाटाची किल्ली कोणाकडे असते? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण इन्हेलर कुलपात आणि किल्ली घरी गेलेल्या सिस्टरच्या पर्समध्ये, असे प्रत्यक्षात घडते.

सिस्टरच्या कामालाही मर्यादा आहे. ती औषध लिहून देऊ शकत नाही. डॉक्टरांनी लिहिलेले औषध लिहिलेल्या मात्रेत देऊ शकते. ‘आमच्या मुलाला जरा बरे वाटत नाही, लागले तर काहीतरी द्या’ अशी चिठ्ठी डायरीत पाठवणारे पालक तिला अडचणीत टाकतात, कारण ‘लागले तर’ म्हणजे केव्हा आणि ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही.

आजार लपवू नये

प्रवेश मिळणार नाही या भीतीने पालक अर्जातल्या ‘काही आजार आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहितात. फिट येणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर पुढे लग्न जमताना गोष्ट बाहेर येईल ही धास्ती असते आणि आजी-आजोबांच्या सांगण्यावरून शाळेपासून सारे दडवले जाते. मला या भीतीचा राग येत नाही. ती समाजाने दिलेली आहे. पण तिची किंमत मूल मोजते. शाळेला ठाऊक नसेल तर पहिल्या फिटच्या वेळी वर्गात गोंधळ उडतो, कोणी कांदा हुंगवते, कोणी चप्पल नाकाशी धरते, कोणी दातांत चमचा घालते, आणि ज्या गोष्टीची चर्चा होऊ नये असे घरच्यांना वाटत होते ती त्याच संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचते.

माहिती द्यावी, पण ती कोणापर्यंत पोचेल हेही लिहून द्यावे. ‘ही माहिती मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, पी.टी. चे सर, सिस्टर आणि बसमधल्या मावशी यांनाच असावी. इतर पालकांना किंवा वर्गाला आमच्या परवानगीशिवाय सांगू नये’ असे एक वाक्य पुरते. प्रवेश नाकारण्याच्या भीतीबद्दल बोलायचे तर, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही आहेत आणि अशा मुलांना भेदभाव न करता दाखल करून घेण्याची जबाबदारी त्या कायद्याने शाळांवर टाकली आहे.

डॉक्टरांकडून एका पानाचा आराखडा घ्यावा

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्यावा. जाडजूड फाइल शाळेला नको असते. हवे असते एक पान, मराठीत किंवा शाळेत चालणाऱ्या भाषेत, ज्यावर डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख आहे. लक्षणे कोणती दिसतील, आधी काय करायचे, त्याने फरक पडला नाही तर काय करायचे आणि रुग्णालयात केव्हा हलवायचे, या क्रमाने ते असावे. मुलाचे वजनही लिहावे, कारण मुलांची मात्रा वजनावर ठरते; पॅरासिटामॉल साधारणपणे दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम दिले जाते, आणि जूनमधले वजन दिवाळीनंतर तेच राहत नाही.

दम्याच्या मुलासाठी इन्हेलरबरोबर स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, हवाच. लहान मुलाला इन्हेलर दाबणे आणि श्वास ओढणे एकाच क्षणी जमत नाही आणि औषध जिभेवरच राहते. एका वेळी एकच पफ स्पेसरमध्ये सोडून मुलाला पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे आणि मग दुसरा पफ द्यायचा, हे सिस्टरला करून दाखवावे. इन्हेलर हलवून तो भरलेला आहे की रिकामा हे कळत नाही; डबीवर मोजणीचा आकडा असेल तर तो पाहावा, नसेल तर शाळेत ठेवल्याची तारीख डबीवर लिहावी. घोडबंदर रस्त्यालगतच्या बांधकामांची धूळ आणि तळोजा, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यातली हवा पाहता, हिवाळ्यात सकाळच्या मैदानी तासाला मुलाने पळावे की बसावे हेही डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, म्हणजे पी.टी. च्या सरांना रोज मुलाचा चेहरा पाहून अंदाज बांधावा लागत नाही.

टाइप वन मधुमेहात शाळेतला खरा धोका साखर घसरण्याचा असतो. घाम येणे, हात थरथरणे, एकाएकी चिडचिड होणे किंवा गप्प होणे ही लक्षणे, आणि रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली, म्हणजे ताबडतोब सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. बिस्किट किंवा चॉकलेट त्या क्षणी उपयोगाचे नाही, कारण त्यातली साखर हळू उतरते. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. आणि एक गोष्ट आराखड्यात ठळक लिहावी : अशा वेळी मुलाला एकट्याने मेडिकल रूमकडे पाठवू नये. मेडिकल रूम तळमजल्यावर आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर असतो, आणि साखर घसरलेले मूल जिन्यात कोसळू शकते. ग्लुकोज वर्गात, शिक्षिकेच्या टेबलाच्या खणातच असावे. वर्गात साखर तपासणे, इन्सुलिन घेणे आणि मधल्या वेळी खाणे यासाठी शाळांनी मुभा द्यावी, असे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले आहे. शाळा आडमुठेपणा करत असेल तर याचा उल्लेख अर्जात करावा.

फिटच्या आराखड्यात घड्याळ महत्त्वाचे. मुलाला कुशीवर वळवणे, डोक्याखाली मऊ काही ठेवणे, आजूबाजूची बाके सरकवणे, तोंडात काहीही न घालणे आणि सुरू झाल्याची वेळ लिहिणे. फिट पाच मिनिटांहून जास्त लांबली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा फवारा किती वेळा, हे आकड्यात असावे, आणि त्याच वेळी १०८ ला फोन. इथे पालकांनी एक निर्णय आधीच घ्यायचा असतो. फिट येत असणाऱ्या मुलाला नेहमीसारखी दोन मिनिटांची फिट येऊन गेली आणि ते झोपले, तर दर वेळी रुग्णालयात न्यायचे की घरचे येईपर्यंत मेडिकल रूममध्ये झोपू द्यायचे? डॉक्टरांशी बोलून हे ठरवले आणि लिहिले, तर मूल विनाकारण रुग्णवाहिकेत जाग येण्याच्या भीतीतून वाचते.

शेंगदाणा, अंडे, मासळी किंवा मधमाशीच्या डंखाने घसा सुजणे, श्वास कोंडणे, अंगभर गांध्या येऊन मूल निस्तेज होणे, ही तीव्र ॲलर्जी. तिच्यावरचे औषध ॲड्रेनॅलिनचे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिले जाणारे इंजेक्शन आहे. खाजेवरची गोळी तिथे पुरत नाही. परदेशात मिळणारी, औषध आधीच भरलेली तयार इंजेक्शन-पेने आपल्याकडे सहज मिळत नाहीत, अँप्यूल (औषधाची काचेची छोटी कुपी) आणि सिरिंजच वापरावी लागते, म्हणून ते देऊ शकणारी प्रशिक्षित व्यक्ती शाळेत आहे का, हा प्रश्न अशा मुलाच्या पालकांसाठी फीपेक्षाही आधीचा आहे.

औषध शाळेत ठेवताना

औषध मूळ पाकिटात किंवा बाटलीत, मुलाचे नाव, इयत्ता, तुकडी आणि मुदत संपण्याची तारीख दिसेल असे, पारदर्शक झिपच्या पिशवीत द्यावे आणि सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत व आपला सहीचा अर्ज जोडावा. अर्ज असा असू शकतो : ‘माझा मुलगा / मुलगी ........, इयत्ता ...., यास दमा आहे. सोबत जोडलेल्या डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे, त्यात लिहिलेली लक्षणे दिसल्यास, शाळेतील परिचारिकेने अथवा त्यांच्या अनुपस्थितीत श्री. / श्रीमती ........ यांनी सोबतचे औषध द्यावे, यास माझी संमती आहे. औषध दिल्याची वेळ व मात्रा त्याच दिवशी मला कळवावी. ही संमती चालू शैक्षणिक वर्षापुरती असून मी ती लेखी कळवून केव्हाही मागे घेऊ शकतो / शकते.’ दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर शाळेचा पोच शिक्का घ्यावा.

सुटी गोळी कागदात गुंडाळून मुलाच्या दप्तरात कधीही पाठवू नये. ती कोणती आहे हे सिस्टरला ओळखता येत नाही, आणि मधल्या सुट्टीत ती डब्याबरोबर दुसऱ्या मुलाच्या पोटात जाऊ शकते. मोठ्या मुलांचा इन्हेलर मात्र त्यांच्या स्वतःच्या दप्तरातच असावा, आणि तशी परवानगी अर्जात वेगळी मागावी. पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, तापासाठी आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नये ही ओळ निरोगी मुलाच्या पालकांनीही लिहून द्यावी.

शाळेत येणाऱ्या तपासण्या, गोळ्या आणि लसी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्याची पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतात. तपासणीला हजर राहता येईल का हे शाळेला विचारावे, आणि मुलाला पुढे रुग्णालयात दाखवण्याची चिठ्ठी मिळाली तर ती दप्तराच्या तळाशी राहू देऊ नये. चष्मा, दातांची कीड आणि कानाचा दोष इथेच लवकर सापडतो.

जंतनाशक दिन फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतो, तेव्हा अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. त्या दिवशी मुलाला ताप असेल, किंवा दुसरे औषध चालू असेल, तर सकाळीच डायरीत कळवावे. लोहाच्या गोळ्यांबाबत थॅलेसेमिया असलेल्या मुलांच्या पालकांनी विशेष सावध राहावे. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असते, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी ही गोळी घेऊ नये. हे शाळेला लेखी कळवले नसेल तर रांगेतल्या प्रत्येक मुलाच्या हातावर गोळी पडते, तशी ती आपल्याही मुलाच्या हातावर पडेल.

लसीबाबत गोवर-रुबेलाची २०१८-१९ ची मोहीम आठवावी. शाळाशाळांतून लस दिली जात असताना, पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय ती देऊ नये असे दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटले. मी स्वतः लसीकरणाच्या ठाम बाजूची आहे, आणि म्हणूनच संमतीचा फॉर्म घरी नीट पाठवावा, त्यात लसीची माहिती असावी, असा आग्रह धरते. विचारून घेतलेला होकार टिकतो. विश्वासात न घेता दिलेल्या लशीनंतर पुढच्या मोहिमेला अख्खी इमारत मुलांना घरी ठेवते.

ऐन वेळेचा कागद

आणीबाणीच्या फॉर्मवर आई-वडिलांचे नंबर सगळेच देतात. तिसरे नाव त्याहून महत्त्वाचे आहे : शाळेपासून जवळ राहणारी, दुपारी घरी असणारी आणि मुलाला ओळखणारी व्यक्ती. सोसायटीतल्या काकू, मावशी, आजोबा, कोणीही चालेल, पण त्यांना आधी विचारलेले असावे, त्यांच्या ओळखपत्राची प्रत शाळेत असावी, आणि मुलाला रुग्णालयात नेण्याचा व प्राथमिक उपचारांना होकार देण्याचा अधिकार त्यांना आपण लेखी दिलेला असावा. कोणत्या रुग्णालयात न्यायचे तेही लिहावे. आपले नेहमीचे रुग्णालय दूर असेल, तर ‘जीव धोक्यात असल्यास सर्वात जवळच्या रुग्णालयात’ हे शब्द आवर्जून घालावेत; कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय जवळ असताना विम्याच्या यादीतले रुग्णालय शोधत गाडी फिरू नये. रक्तगट, ॲलर्जी आणि चालू औषधे त्याच पानावर असू द्यावीत.

बसला विसरू नये. महाराष्ट्रात शाळेच्या बससाठी २०११ पासून नियम आहेत आणि शाळेत परिवहन समिती असते. बसमधल्या मावशींना मुलाचे नाव, आजार आणि १०८, एवढे लिहिलेले छोटे कार्ड द्यावे, आणि ते मराठीत द्यावे.

आई-वडील विभक्त असतील तर कुटुंब न्यायालयाच्या आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे द्यावी. तोंडी सांगितलेले ‘त्यांना भेटू देऊ नका’ शाळेला पाळता येत नाही, आणि सिस्टरला दोन फोनांवर दोन वेगवेगळ्या सूचना मिळाल्या की मुलाच्या उपचारात वेळ जातो.

जिथे पालकांचा शब्द अखेरचा नसतो

मुलाच्या अंगावर मारहाणीचे वण दिसले किंवा लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर सिस्टरने आधी घरी फोन करून परवानगी घ्यावी अशी अपेक्षा पालकांनी ठेवू नये. पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हाच गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मेडिकल रूमच्या दारावर लावलेला असावा, ही मागणी पालक-शिक्षक संघाने करावी.

मोठ्या मुलांचे म्हणणे ही दुसरी बाजू. आठवी-नववीतल्या मुलीला पाळीच्या दुखण्याबद्दल सिस्टरशी बोलायचे असते आणि ते वडिलांपर्यंत जाऊ नये असे वाटते. अशा साध्या गोष्टी तिच्यापाशी राहू द्याव्यात आणि सिस्टरला तसे सांगावे. ज्या मुलीला हा विश्वास मिळतो ती गंभीर दुखणेही लपवत नाही. संमती पालकांची असली, तरी इंजेक्शन मुलाच्या दंडावर दिले जाते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्याचा आराखडा वाचायला द्यावा, त्यात त्याला काय खटकते ते विचारावे, आणि शक्य तिथे बदलून घ्यावे.

शाळा ऐकत नसेल तर

पहिला अर्ज मुख्याध्यापकांना, पोच घेऊन. आठवडाभरात उत्तर नाही आले तर संस्थेच्या सचिवांना, मग ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, आणि भेदभाव स्पष्ट असेल तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. प्रत्येक अर्जाला डॉक्टरांचे पत्र जोडावे आणि मागणी नेमकी करावी. ‘मुलाची काळजी घ्यावी’ या मागणीवर कोणालाच काही करता येत नाही, ‘ग्लुकोमीटर वर्गात ठेवू द्यावा’ या मागणीला हो किंवा नाही म्हणावेच लागते.

दहावी-बारावीच्या मुलांसाठी आणखी एक काम असते. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच आणि पाण्याची बाटली नेण्याची परवानगी दिली. राज्य मंडळाच्या सवलतींसाठी अर्ज शाळेमार्फत, आपल्या भागासाठी वाशीतल्या मुंबई विभागीय कार्यालयाकडे जातो, म्हणून मुख्याध्यापकांना वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवावे आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याच वर्षीच्या तारखेचे घ्यावे.